आबासाहेबांची पाठ

माझ्या कोल्हापूरच्या खोलीत भिंतीवर एका झाडाचा फोटो आहे. येणारा त्याच्याकडे एकदा पाहतो, "कडुनिंब वाटतं," म्हणतो आणि चहाकडे वळतो. मी त्याला निवांत चहा पिऊ देते. बशी खाली ठेवली की सांगते, "त्या झाडाला टेकून एक माणूस उभा आहे. शोधा." मग माणसं उठतात, चष्मा पुसतात, नाक काचेला लावतात. बहुतेकांना सापडत नाही. अशा वेळी मला जो आनंद होतो तो मी लपवत नाही. जन्म मास्तरकीत गेला आहे.

तो माणूस म्हणजे आबासाहेब, माझ्या मावसबहिणीचे सासरे. ज्या हातांनी त्यांना झाडात घालवलं ते त्याच बहिणीचे, माझ्या अक्काचे. या दोघांना पाहून आले, म्हणून हे लिहायला बसले आहे. ग्वाल्हेरचा किल्लाही पाहिला, पण त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी भूगोल शिकवते. राज्यं नव्यानं आखायला घेतल्यापासून माझ्या वर्गातला नकाशा रोज थोडा थोडा खोटा होत होता. आमचं कोल्हापूर संस्थान गेलं तेव्हा एक नकाशा बदलला, आता दुसरा बदलायची वेळ आली. अक्काच्या घरी तर हा बदल उंबऱ्याच्या आत आला होता. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत झाला, आता मध्यभारतही जाणार होता आणि राजधानी भोपाळला. अक्काचे यजमान, आमचे दाजी, सचिवालयात कारकून. कचेरी भोपाळला म्हणजे दाजी भोपाळला, आणि दाजी म्हणजे सगळं बिऱ्हाड. "ग्वाल्हेर सुटायच्या आधी एकदा ये," असा अक्काचा निरोप होता. सहामाहीचे पेपर तपासून हातावेगळे केले आणि निघाले.

लष्कर

गाडीतल्या हालांविषयी लिहीत नाही. डोळ्यात कोळसा गेला एवढं सांगते आणि पुढे जाते. वाटेत भोपाळ लागलं तेव्हा मात्र मुद्दाम खाली उतरले, म्हणजे अक्काला काहीतरी सांगता येईल. फलाटावर पेरू चांगले होते. भोपाळविषयी माझं ज्ञान तेवढ्यावरच थांबलं.

स्टेशनवर दाजी आले होते. "या या, शालूताई! थकून गेल्या असाल. सामान इतकंच? अरे वा!" दाजींचं बोलणं मराठीत सुरू होतं आणि टांगेवाल्याकडे वळता वळता हिंदीत जातं; परत येताना थोडी हिंदी बरोबर घेऊन येतं. ग्वाल्हेरच्या या भागाला लष्कर म्हणतात; तिथली सगळीच मराठी माणसं तशी बोलतात. त्यांचे खापरपणजे दख्खनेतून फौजेबरोबर आले, छावणी पडली ती उठलीच नाही, आणि तिचंच हे शहर झालं. चार पिढ्यांत मराठी भाषा टिकली, हेच मला थोर वाटलं. पुण्यातून मुंबईला गेलेले माझे चुलतभाऊ दोन वर्षांत आईशी इंग्रजी बोलायला लागले होते.

नया बाज़ारातल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर अक्काचं घर. दारात पाऊल टाकलं तर आत निम्मं घर पोत्यांत बांधलेलं. अक्का धावत आली, मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "किती वाळली गं! बैस, आराम से बस. आधी नाश्ता करून घे."

नाश्ता म्हणजे बेडई. उडदाची डाळ भरलेली फुगीर पुरी आणि हिंगाचा घमघमाट सुटलेली बटाट्याची पातळ भाजी, वर जिलबी. सकाळच्या पहिल्या घासाला जिलबी खायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि एकदा कळल्यावर थांबायचं असतं हेही नाही. रात्री मात्र अक्कानं माझ्यासाठी म्हणून तांबडा रस्सा केला. रंग कोल्हापूरचा होता, स्वभाव ग्वाल्हेरचा. मी मिरची मागितली. "इथं इतकंच तिखट चालतं," अक्का म्हणाली, "मला पण सवय होऊन गेली." माहेरची मुलगी रश्श्यात अशी बदललेली पाहून मला उगीच वाईट वाटलं, आणि मी दोन वाट्या संपवल्या.

आबासाहेबांचं दर्शन संध्याकाळी झालं. पुढच्या खोलीत बाजेवर ताठ बसलेले, पांढऱ्या भरघोस मिशा, पंचाहत्तरीकडे झुकलेलं पण रुंद अंग. संस्थानच्या फौजेत त्यांनी आयुष्य काढलं होतं. मी नमस्कार केला. "या, मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुमच्या नकाशात ग्वाल्हेर अजून आहे ना?" मी म्हटलं, शहर आहे, राज्य नाही. ते मोठ्यानं हसले. "आमचं संस्थान विलीन झालं, मग पलटण झाली, आता कचेरी होऊन राहिली. मी तर रोजच झाडात विलीन होतो!"

मला त्यातलं शेवटचं काही कळलं नाही. आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या. अक्का हसत होती, पण बाहेर आली नाही.

पाठ

हा या घराचा रिवाज मी आधी सांगायला हवा होता. लष्करातल्या जुन्या फौजी मराठा घरांत सून सासऱ्याच्या समोर येत नाही. पदर कपाळाच्या खाली, नजर त्याच्याही खाली, आणि थेट बोलणं तर नाहीच. काही सांगायचं असलं तर मध्ये कुणीतरी लागतं. कुणी नसलं तर भिंतीला सांगायचं. आमच्या कोल्हापुरातही मोठ्या घरांतून हे होतं, पण आता ढिलं पडलंय. इथं मात्र दख्खनेतून निघताना जसं बांधून आणलं तसंच ठेवलंय. बाहेरगावी राहिलेल्या माणसाला घरची रीत जास्त घट्ट धरावी लागते, असं मला तिथं वाटलं.

अक्का म्हणाली, "मी आबासाहेबांचा चेहरा पाहिला तो लग्नात, अंतरपाट दूर झाल्यावर, यांच्या मागे उभे होते तेव्हा. त्यानंतर त्यांचे पाय पाहिले आणि पाठ पाहिली."

पाठीची गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी आबासाहेबांच्या पाठीत उसण भरली आणि वैद्यानं लेप सांगितला. सासूबाई तेव्हा होत्या, पण त्यांच्या बोटांना संधिवात. दाजी कचेरीत. लेप लावायचा कुणी? सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावणं अशक्य. दोन दिवस घरात हाच खल चालला आणि आबासाहेब कण्हत राहिले. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली: हात लावायचा नाही ना, मग कुंचल्यानं लाव. कुंचला म्हणजे काही हात नव्हे.

अक्काला लहानपणापासून चित्रकलेचं वेड. माहेरून आणलेले कुंचले पेटीच्या तळाशी पडून होते, ते निघाले. आबासाहेब खाली मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसले, अक्कानं मागून लेप लावला. लेप वाळला, तडकला. "आणि मी पाहतच राहिले," ती सांगत होती, "मागे कडुनिंब उभा होता ना, त्याची साल आणि ती पाठ, मला फरकच कळेना. खांद्याखाली गोळीच्या जखमेचा जुना वण आहे, तो तर अगदी झाडाची गाठ. मी सासूबाईंना म्हटलं, यांना जरा त्या झाडाला टेकून उभं राहायला सांगा."

आणि लग्नात भावानं दिलेला पेटीसारखा कॅमेरा तिनं बाहेर काढला. त्यात वरच्या झडपेतून खाली पाहायचं असतं. मान खाली, पदर पुढे, म्हणजे काचेवर सावली पडते आणि चित्र स्वच्छ दिसतं. सुनेनं जसं उभं राहावं तसंच या कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं. सासूबाईंना त्यात काही वावगं दिसेना.

उसण पंधरवड्यात गेली. लेप मात्र थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कानं बांधलेल्या गाद्यांवर एक एक करून फोटो मांडले. मी माणसात शक्यतो चूक काढते, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. तिथं मला एकही सापडेना. एका फोटोत पिंपळाची दोन जाळीदार वाळकी पानं होती. ते गल्लीतल्या पुजारीणबाईंचे तळहात निघाले. एकात ओढ्याकाठची मुळं होती. त्यात अक्काची स्वतःची पावलं होती, आणि बोटं कुठली नि मुळं कुठली हे तिनं दाखवल्यावरही माझं दोनदा चुकलं. एकात किल्ल्याच्या पायथ्याचा खडक; त्यात माणूस कुठं आहे ते मला अजून ठाऊक नाही. आणि बाकी सगळी आबासाहेबांची पाठ: कडुनिंबाला, बाभळीला, चिंचेला, पडक्या विहिरीच्या कठड्याला. प्रत्येक वेळी मी हरले. माझ्या बहिणीनं एका पोत्यांनी भरलेल्या खोलीत बसून मला इतक्या वेळा चकवलं याचा मला राग यायला हवा होता. मी तिचा हात धरून बसले.

"कुणाला दाखवलेस?" मी विचारलं.

"कुणाला दाखवू? स्टुडिओवाला धुऊन देतो, तो कित्येक दिवस म्हणायचा, भाभीजी, पेड़ों के इतने फोटू क्यों खींचती हो? मी पण सांगून नाही दिलं."

"आणि आबासाहेब?"

ती हसली. फोटो आला की ती तो त्यांच्या पानाच्या डब्याखाली ठेवते. जेवताना आबासाहेब आढ्याकडे पाहून म्हणतात, "डाव्या बाजूची चीर जरा जाड झाली." किंवा नुसतं, "हं." 'हं' आलं की त्या दिवशी अक्का गोड करते.

मधली

तिसऱ्या दिवशी मला नोकरी लागली. एरवी निरोप्याचं काम अक्काची मुलगी बेबी करायची, पण ती आता कॉलेजात जाते. "मावशी, तुम्हीच बोला ना प्लीज, मुझे नहीं होता ये सब," असं म्हणून ती मैत्रिणीकडे निघून गेली. अक्काला ग्वाल्हेर सोडण्याआधी आबासाहेबांचा एक शेवटचा फोटो काढायचा होता, आणि त्याआधी एक सराव करायचा होता. मागच्या अंगणात आबासाहेब उघड्या अंगानं स्टुलावर बसले, अक्का त्यांच्या मागे, आणि मी बाजूला.

वाट्यांतले रंग पाहून मी घाबरलेच. गेरू, मुलतानी माती, काजळ, हळद आणि धुण्याची नीळ! असल्या रंगाचं झाड कुठं असतं? अक्कानं पाठीवर निळे पट्टे ओढायला सुरुवात केली तेव्हा मला ती धुळवड वाटली.

"फोटोला रंग कुठं कळतो?" ती म्हणाली. "त्याला उजेड कळतो नि अंधार. नीळ फिकी उतरते, गेरू काळवंडतो. मी झाड नाही रंगवत, फोटोला जसं दिसेल तसं रंगवते."

म्हणजे डोळ्यासमोर एक रंग असताना हिला मनात दुसराच दिसत होता, आणि त्या दुसऱ्यावरून ती पहिला ठरवत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती कितीतरी रोल वाया घालवून शिकली होती.

"शालू, आबासाहेबांना म्हण, श्वास जरा कमी घ्या. माती तडकते."

आबासाहेब तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मी घसा साफ करून म्हटलं, "आबासाहेब, अक्का म्हणते श्वास कमी घ्या."

"त्यांना सांगा," आबासाहेब भिंतीला म्हणाले, "आता कमीच राहिलेत."

"शालू, त्यांना म्हण, असं अशुभ बोलू नका."

"सांगा, बरं."

असं तासभर चाललं. निरोप देता देता मी एकदा इतकी गडबडले की आबासाहेबांनाच म्हणाले, "आबासाहेब, आबासाहेब म्हणतात बरं." दोघंही हसायला लागले. ती पाठ हसली आणि सगळी साल तडकून खाली आली. मी थकून मागे बसले ती नेमकी निळीच्या वाटीत. माझं नवं इरकल त्या दिवसापासून पोत्यात गेलं ते अजून बाहेर काढलेलं नाही.

थाटीपुरची पाहुणी

त्याच संध्याकाळी अक्काच्या थोरल्या जाऊबाई आल्या. थोरले दीर सरकारी नोकरीत, पण त्यांचं खातं ग्वाल्हेरातच राहणार होतं. थाटीपुरला त्यांना क्वार्टर मिळालंय. आबासाहेबांनी ग्वाल्हेर सोडायला साफ नकार दिला होता, म्हणून ते आता त्यांच्याकडे जायचे होते.

जाऊबाई वाईट नव्हत्या. सासऱ्यांसाठी उन्हाची खोली काढून ठेवली होती, गाईच्या दुधाची सोय केली होती. पण चहा झाल्यावर त्यांनी अक्काजवळ विषय काढलाच. "इंदू, एक सांगून ठेवते. आमच्याकडे साहेब लोकांच्या बायका येऊन-जाऊन असतात. हा माती-रंगाचा कारभार तिकडे नाही होणार. इथं सासूबाई होत्या, त्यांनी चालवून घेतलं. म्हाताऱ्या माणसाला उघडं बसवून फोटो काढायचे, लोग क्या कहेंगे? तू आता सांगून दे त्यांना, की बंद झालं."

दाजी पेल्यात पाहत राहिले. अक्का पदर नीट करत म्हणाली, "मी त्यांना कसं सांगू? मी तर बोलत नाही त्यांच्याशी."

बाहेरच्या खोलीतून आबासाहेब खोकले. तो खोकला सर्दीचा नव्हता. जाऊबाई चप्पल घालून गेल्या.

अक्का पोळ्या लाटायला बसली. चार पोळ्या झाल्या. मग म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या घरात त्यांची रीत. मला भोपाळचं दुःख नाही शालू. कचेरी जाते, आम्ही जाऊ. तिथं घर मांडून घेईन. पण माझी पाठ इथंच राहून जाईल. दुसऱ्या कुणाची पाठ मला कशी येईल? ही मला पाठ आहे सगळी, डोळे मिटून काढीन. उद्या फूलबागेत जाऊ. एक रोल आहे. एक चांगला उतरला तरी पुरे, तोच घेऊन जाईन." ती रडली नाही. मीच डोळे पुसले आणि कांद्याचं नाव सांगितलं, तर तिनं कांदा चिरलेलाच नव्हता.

फूलबाग

सकाळी गार हवेत टांगा केला. टांग्यात पुढे टांगेवाल्याशेजारी आबासाहेब बसले, मागे तोंड करून आम्ही दोघी. सासरे आणि सून पाठीला पाठ लावून चालले होते, आणि निरोप माझ्या खांद्यावरून.

फूलबागेच्या मागच्या अंगाला, नाल्याकाठी, अक्कानं हेरून ठेवलेलं अर्जुनाचं झाड होतं. अर्जुनाचा बुंधा गोरा, गुळगुळीत. त्याची साल पातळ तुकड्यांनी निघते आणि खाली आतला फिकट गुलाबी रंग दिसतो. अक्काला हे झाड फार दिवस हवं होतं, पण बाग म्हणजे रहदारीची जागा, आणि सासूबाई गेल्यावर तर धीरच झाला नाही. आता धीर करायला निमित्त मिळालं होतं. ओळखीच्या माळ्यानं तिकडची वाट अडवून धरली. आबासाहेबांनी बंडी काढून घडी केली, माझ्या हातात दिली आणि झाडाकडे तोंड करून उभे राहिले.

अक्कानं रंगवायला घेतलं. मी या प्रवासात किल्ला पाहिला, महाल पाहिले, आवाज गोड होतो म्हणतात म्हणून तानसेनाच्या समाधीवरल्या चिंचेचा पाला खाल्ला आणि त्यानं माझ्या गळ्याला काही फायदा झाला नाही. पण पाहण्यासारखं जर काही पाहिलं असेल तर ते हे. एकदा झाडाकडे नजर, एकदा पाठीकडे, आणि कुंचला मधे न थांबता. बुंध्यावर साल जिथं सुटली होती, तिथूनच पाठीवरली साल सुटत गेली. ती मणक्यावरून खाली आली आणि पुन्हा झाडावर चढली. वणाची गाठ झाली. मग आबासाहेब पुढे सरकून झाडाला टेकले, आणि मी समोर उभी असताना, डोळे उघडे असताना, म्हातारा नाहीसा झाला. खाली फक्त धोतर होतं. तेही अक्कानं वाळक्या पाल्यानं झाकलं.

"हलू नका म्हण."

"हलू नका, आबासाहेब."

झाड म्हणालं, "नाही हलत."

अक्का मान खाली घालून कॅमेऱ्यात पाहू लागली. उजेड अजून कोवळा होता. तिनं खटका दाबला, रोल फिरवला, पुढे सरकली, मागे सरकली, पुन्हा दाबला. पण तिचं समाधान होईना. ऊन पानांतून खाली उतरायची ती वाट पाहत होती. रोलात शेवटचा फोटो राहिला, तो तिनं त्या उन्हासाठी ठेवला.

आणि तेवढ्यात मला मुंगळा दिसला. मोठा, काळा, बुंध्यावरून उतरून थेट आबासाहेबांच्या मानेवर. त्याच्यामागे दुसरा. पहिला कानाकडे निघाला. आबासाहेब हलले नाहीत. पलटणीत त्यांनी उन्हात तासन् तास असंच काढलं असेल. अक्काची मान खाली. मी काय विचार केला ते आठवत नाही. बहुधा काहीच नसावा. मी "अगं बाई!" करून धावले आणि पदरानं त्यांच्या मानेवरून, खांद्यावरून, पाठीवरून सपासप झटकलं.

मुंगळे गेले. पाठही गेली. अर्जुनाची साल माझ्या पदराला आली होती, आणि मधोमध एका म्हाताऱ्या माणसाची उघडी, घामेजलेली पाठ दिसत होती.

 अक्का रागावली असती तर बरं झालं असतं. ती वाट्यांजवळ गेली, माती पाहिली. थोडीशीच उरली होती. पुन्हा लावून वाळायला वेळ लागणार, तोवर ऊन डोक्यावर येणार. तिनं कॅमेऱ्याची झडप हळूच मिटली आणि ती गवतावर बसली. मी पदर तसाच हातात धरून उभी राहिले. 

"काय झालं?" आबासाहेबांनी झाडाला विचारलं.

"आबासाहेब," मी म्हटलं, "माझ्यानं पाठ पुसली गेली. आता माती नाही पुरायची."

 मग ते म्हणाले, "पाठ गेली तर गेली. पुढं जागा आहे."

आणि ते वळले.

अक्काचा हात झटकन पदराला गेला. ती उठून उभी राहिली, मान छातीला लागलेली. "शालू," ती पुटपुटली, "सांग त्यांना, पुढून कसं…"

"मास्तरीणबाई, काही सांगू नका," आबासाहेब म्हणाले. "मी डोळे मिटतो. त्यांना हवं ते करू द्या."

त्यांनी डोळे मिटून घेतले. तिला नीट पाहता यावं आणि रीतही मोडू नये, म्हणून. त्या राकट मिशांच्या माणसाला हे सुचलं, आणि मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी ते केलं नाही, कारण आणखी काही पुसलं जायची भीती होती.

अक्का वाटी घेऊन गेली. त्यांच्यासमोर उभी राहिली. मग तिनं पदर मागे सारला, कारण पदरातून रंगवता येत नाही. ती कितीतरी वेळ नुसती पाहत होती. कपाळावरच्या आठ्या, गालांची खोबण, एका भुवईचे पिकलेले केस. उरलेली माती कपाळाला आणि एका गालाला पुरली. झाडाची साल मिशीपर्यंत आली आणि थांबली. मातीचा एक थेंब पापणीकडे ओघळला, तो तिनं पुसला. कुंचल्यानं नाही, अंगठ्यानं. आबासाहेब हलले नाहीत.

ती परत कॅमेऱ्याकडे आली. झडप उघडली, मान खाली घातली. ऊन पानांतून उतरून त्यांच्या खांद्यावर आलं होतं. मी सवयीनं पुढे झाले, निरोप काय द्यायचा ते ऐकायला. अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"आबासाहेब," ती म्हणाली, "डोळे उघडा."

त्यांनी उघडले. खटका वाजला आणि रोल संपला.

नाल्यावर तोंड-अंग धुऊन आबासाहेबांनी बंडी घातली. परतीच्या टांग्यात ते पुन्हा पुढे, आम्ही पुन्हा मागे. मधली म्हणून मी होतेच, पण मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

"सूनबाई," घोडा चालता चालता पुढून आवाज आला, "भोपाळात झाडं आहेत का?"

"आहेत म्हणतात," अक्कानं मान न वळवता सांगितलं. "तळ्याकाठी पुष्कळ आहेत."

"मग संक्रांतीला येऊन जाईन. थोरलीला सांगायची गरज नाही. पाठ घेऊन येतो."

टांगा नया बाज़ारच्या वळणावर आला. तेव्हा अक्कानं मागे वळून, त्या रुंद पाठीकडे पाहत म्हटलं, "नुसती पाठ नको."